मोहफुलांना बुरशी

प्रश्न : मार्चात पहाटे हौसेनं टोपलीभर मोहफुलं वेचली. दोन दिवस अंगणात वाळवून प्लॅस्टिकच्या डब्यात भरली. जुलैत झाकण काढलं तर दारूसारखा वास, वर पांढरी बुरशी! आई म्हणते, धुऊन लाडू कर. करू का?
– एक वाचक, कुरखेडा

उत्तर : नको. बुरशी धुतली तरी तिचं विष आत राहतं. फुलं टाकून द्या, आईंना मी सांगितलं म्हणा. मोहात साखर भरपूर. ओल राहिली की आंबणारच. फुलं तांबूस होऊन मनुकांसारखी चिवट होईपर्यंत वाळवा, मुठीत दाबली तर गोळा होता कामा नये. पुढच्या वेळी झाडाखाली जुनं लुगडं अंथरा. वेचणं सोपं जावं म्हणून पाचोळा मात्र पेटवू नका, जंगलात वणवे अशानंही लागतात.