करार शासनाचा, शांती शेजाऱ्यांची



जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाच्या दर्शनाला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले आहेत. हेच संत १५४६ साली इंडोनेशियातील आंबोन बेटावर गेले होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. लवंग-जायफळाच्या त्या मालुकू बेटांवर आजही त्यांच्या नावाचे कॅथेड्रल आहे. त्याच बेटांवर १९९९ पासून तीन वर्षे मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांत रक्त सांडले आणि मग समेट झाला. तो कसा झाला, ते आज आपण पाहू या.

ठिणगी कशी पडली?

मालुकूत दोन्ही समाज जवळजवळ बरोबरीचे आहेत. तेथे ‘पेला’ नावाची जुनी रीत आहे. दोन गावे, कित्येकदा एक मुस्लिम व एक ख्रिस्ती, एकमेकांची भावंडे होतात. चर्च असो वा मशीद, बांधकामाला दोन्ही गावांचे हात लागतात. परंतु बाहेरच्या बेटांवरून आलेली कुटुंबे या नात्यात नव्हती. सरकारी नोकऱ्या आणि बाजार यांवरून चढाओढ वाढली होती. १९ जानेवारी १९९९ रोजी, ईदच्या दिवशी, ख्रिस्ती बसचालक व मुस्लिम प्रवासी यांच्या भांडणाचे निमित्त झाले आणि आंबोन शहर पेटले. पुढे जावा बेटावरून ‘लष्कर जिहाद’चे लोक येऊन लढाईत उतरले. सुमारे ५,००० माणसे गेली, लाखो बेघर झाली. चर्चेही जळाली आणि मशिदीही. दोन्ही बाजूंचे हात रक्ताने माखले होते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

शासनाने काय केले?

जून २००० मध्ये आणीबाणी लागू झाली, तरी हिंसा थांबली नाही. मग मंत्री युसुफ काल्ला व सुसिलो बांबांग युधोयोनो यांनी दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींना सुलावेसीतील मालिनो या डोंगरावरच्या गावी बोलावले. आधी प्रत्येक बाजूचे वेगळे ऐकून घेतले, मग सर्वांना एकत्र बसवले. १२ फेब्रुवारी २००२ रोजी ११ कलमांचा करार झाला. हिंसा थांबवावी, कायदा सर्वांना सारखा असावा, निर्वासितांना घरी परतता यावे, जे घडले त्याची स्वतंत्र चौकशी व्हावी, असे त्यात ठरले.

तीन महिन्यांच्या आतच बॉम्ब फुटला आणि सोया या ख्रिस्ती गावावर हल्ला झाला. तरी करार मोडला नाही. सप्टेंबर २००३ मध्ये आणीबाणी उठली. चौकशी समितीचा अहवाल मात्र लोकांपुढे कधीच आला नाही. आपले माणूस का मेले, याचे उत्तर अनेक घरांना मिळाले नाही. ही या समेटाची मोठी उणीव होय.

शेजाऱ्यांनी काय केले?

आंबोनची मुले कट्टी फू झाल्यावर बट्टी करताना ‘बाकू बाए’ म्हणतात. हाच शब्द घेऊन दोन्ही समाजांतील लोकांनी करारापूर्वीच गुपचूप भेटीगाठी सुरू केल्या होत्या. सप्टेंबर २०११ मध्ये एका मुस्लिम मोटारसायकल-टॅक्सीचालकाच्या मृत्यूवरून मोबाईलवर अफवा पसरली आणि पुन्हा माणसे मेली. तेव्हा दोन्ही धर्मांच्या तरुणांनी जागेवर जाऊन खरे काय ते पाहिले आणि खरी बातमी एकमेकांना कळवली. दंगल पूर्वीसारखी पसरली नाही.

आपल्यासाठी बोध

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती व मुस्लिम यांना मागील वैर विसरून परस्परांना समजून घेण्याचे आवाहन केले. शासन बंदूक खाली ठेवायला लावू शकते, घर पुन्हा बांधून देऊ शकते. पण शेजारच्या दारावर थाप मारण्याचे काम शासनाला करता येत नाही. ते आपले आहे आणि ते शांततेच्या दिवसांतच करायचे असते.

समूहसभेत चर्चेसाठी

१. आपल्या परिसरातील किती मुस्लिम कुटुंबांना आपण नावाने ओळखतो?

२. मोबाईलवर आलेला भडक मजकूर पुढे पाठवण्याआधी आपण तो खरा की खोटा, हे पाहतो का?

३. न्याय न मिळालेल्या माणसाला ‘क्षमा कर’ असे सांगताना आपण आधी त्याचे म्हणणे ऐकतो का?