एक प्रश्न घेऊन बस

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

पायथनचा डेटा ॲनालिसिसचा कोर्स तू पुरा केलास हे ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. नोकरी सांभाळून रात्री जागून केलास, त्याचं मला विशेष कौतुक आहे. पण लगेच आणखी दोन कोर्सना नाव घालणार आहेस असंही कळलं, म्हणून हे पत्र. माझं ऐकशील तर सध्या एकही नवा कोर्स करू नकोस. एक प्रश्न घे आणि दिवाळीपर्यंत त्याचाच पिच्छा पुरव.

कोर्समध्ये प्रश्न शिक्षक काढतात, फाइलही साफ करून देतात. बाहेर ती तशी कधीच मिळत नाही. जिल्हावार आकड्यांत माझी इतकी वर्षं गेली, म्हणून तिथलाच प्रश्न सुचवते: कोणत्या जिल्ह्यात लाख माणसांमागे सरकारी दवाखान्यातल्या खाटा किती?

२०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे लोकसंख्येसाठी २०११ चेच तक्ते उघडावे लागतील. त्यांत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत. आज आहेत ३६, कारण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. आता खाटांची अलीकडची फाइल या तक्त्याशी जिल्ह्याच्या नावावर मर्ज करून बघ. पायथनची पांडाज लायब्ररी काही कुरकुर करणार नाही. मर्जला तू वेगळं सांगितलं नाहीस तर ते 'इनर' धरतं, म्हणजे दोन्हीकडे जुळलेल्या ओळी तेवढ्या ठेवतं आणि बाकीच्या गुपचूप गाळतं. पालघर तर जाईलच, पण बीडही जाईल, कारण जनगणनेच्या तक्त्यात बीडचं स्पेलिंग बी-आय-डी आहे आणि इतरत्र मध्ये दोन ई असतात. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची तर नावंच बदलली.

गळालेली ओळ निदान शोधता तरी येते. मला खरी काळजी ठाण्याची वाटते, कारण ठाणे जुळेल. एका बाजूला २०११ चं ठाणे, पालघर पोटात असलेलं, १ कोटी १० लाखांहून जास्त वस्तीचं. दुसऱ्या बाजूला खाटा मात्र आजच्या लहान ठाण्याच्या. भागाकार होईल, आलेख देखणा येईल, आणि आकडा चुकलेला असेल. एररसुद्धा येणार नाही.

तेव्हा मर्जच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लाव. 'आउटर' मर्ज करून इंडिकेटर चालू ठेव, म्हणजे कोणती ओळ कुठून आली ते दिसेल. नावांचा एक वेगळा तक्ता स्वतः बसून तयार कर. पालघरसाठी तालुकावार आकडे काढ: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड. या आठांची बेरीज ठाण्यातून वजा केलीस की दोन्ही जिल्हे सरळ होतील. कंटाळवाणं काम आहे, पण मी माणूस पारखते ते अशाच कामावरून.

कोड हल्ली यंत्राकडून लिहून मिळतो. घे खुशाल. पण ठाणे नेमकं कोणत्या सालातलं, हे विचारायला तूच हवीस.

आकडा बरोबर आला तरी त्याचा अर्थ लावायचा राहतोच. जनगणनेच्या याच तक्त्यात रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया दिसतील आणि मुंबई शहरात ८३२. घाईने पाहणारा लिहून टाकेल की रत्नागिरीत मुलींचा जन्म जास्त. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा रकाना उघड, तिथे रत्नागिरीतही मुलगेच जास्त आहेत. मग मोठे पुरुष गेले कुठे? हे आजीला विचार. गावातल्या कोणकोणत्या घरांतले चाकरमानी मुंबईत असत आणि मनीऑर्डरवर कोणाची चूल पेटे, हे ती नावानिशी सांगेल. रत्नागिरीचा आकडा आणि मुंबईचा आकडा शेजारी ठेवूनच वाचायचे असतात, हे तुला तिथे कळेल.

आणखी एक. तू पाहिलेल्या व्हिडिओंत ओळी जोडायला 'अपेंड' वापरलं असेल. पांडाज २.० मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये, ते काढून टाकलं. असं होतच राहणार. म्हणून रोज थोडं अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचत जा, अडल्यावरच नव्हे. आणि नव्या लायब्ररीच्या आधी सांख्यिकी पक्की कर. सरासरी कुठे फसवते, नमुना म्हणजे काय, एवढं नीट समजल्याशिवाय मशीन लर्निंगकडे वळू नकोस.

सुरुवात पालघरच्या बेरजेने कर. झाली की नोटबुक मला पाठव, आलेख नसले तरी चालतील. कोणती ओळ का बदललीस ते मात्र प्रत्येक ठिकाणी मराठीत लिही. मी सगळं वाचून सविस्तर कळवीन.

ताईला आणि आजीला नमस्कार.

तुझी
मावशी