जुन्या ऑइल इंजिनाच्या ब्रीदरची सफाई व रबरी झडपेची निगा

विहिरीवर पाणी उपसणारे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन महाराष्ट्रातील शेतकऱ्यांस नवे नाही. अशी इंजिने बनविणारा पुण्याचा किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली स्थापन झाला. वीज नसलेल्या वा वेळेवर न येणाऱ्या शिवारांत जुनी इंजिने अजूनही कामास येतात. अशा इंजिनातून ऑइल गळू लागले की बहुधा दोष पॅकिंगला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण ब्रीदर या लहानशा भागात असते.

ब्रीदरचे कार्य

इंजिन चालू असता जळालेल्या वायूंचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांजवळून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. शिवाय पिस्टन खाली येताना तेथील हवा दाबली जाते. ही हवा बाहेर जाण्याचा मार्ग म्हणजे ब्रीदर होय. त्यातील झडप हवेस बाहेर जाऊ देते, परंतु आत येऊ देत नाही. त्यामुळे क्रँककेसमधील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो व ऑइल सांध्यांतून बाहेर येत नाही. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात ही झडप सेकंदास २५ वेळा उघडते व मिटते. काही इंजिनांत ती पोलादी पातळ पट्टीची असते, काहींत रबराची.

ब्रीदर काजळीने तुंबला तर आतील दाब वाढून क्रँकशाफ्टच्या टोकांतून ऑइल बाहेर पडते. रबर कडक होऊन झडप उघडी राहिली तर धूळ आत ओढली जाते व बेअरिंगे झिजतात. ब्रीदरमधून ऑइल ठिबकते म्हणून कित्येकजण त्यात चिंधी वा लाकडी खुंटी ठोकतात. ही चूक कदापि करू नये. त्याने गळती थांबत नाही, उलट वाढते.

सफाईची रीत

१. इंजिन बंद करून पूर्ण निवू द्यावे. जवळ विडी वा दिवा नसावा. बाहेरील धूळ पुसल्यावरच ब्रीदर सोडवावा व उघड्या भोकावर स्वच्छ फडके बांधावे.

२. भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ताटात मांडावेत. झडपेची वरची बाजू कोणती, हे ध्यानात ठेवावे. ती उलटी बसल्यास ब्रीदर उलटे काम करतो.

३. रबरी झडप प्रथम वेगळी करावी. ती कोमट पाण्यात साधा साबण मिसळून बोटांनी धुवावी, मऊ कापडाने टिपावी व सावलीत वाळवावी. पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन तिला लावू नये. त्यांनी रबर फुगते, मऊ पडते वा तडकते. चाकूने खरवडणे, उकळणे व कॉम्प्रेसरची हवा मारणे हेही टाळावे.

४. धातूचे भाग व जाळी डिझेलमध्ये भिजवून ब्रशाने घासावी आणि पूर्ण कोरडी करावी. कॉस्टिक सोडा वापरू नये. तो ॲल्युमिनियम खातो. काजळी जाळून काढू नये. झडप रिबिटाने पक्की बसविली असेल तर ती ओढून न काढता सर्व भाग साबणाच्या पाण्यानेच धुवावा.

५. झडप हलकेच वाकवून उजेडात पाहावी. भेग, फुगवटा वा कडकपणा दिसल्यास नवी घालावी. सायकल किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवू नये. ते रबर खनिज तेलात फुगते व झडप लवकरच अडकून बसते. त्या इंजिनासाठी असलेली, तेल सोसणाऱ्या रबराची झडपच घ्यावी.

६. जोडल्यावर स्वच्छ नळी लावून फुंकून पाहावे. क्रँककेसच्या बाजूने फुंकल्यास हवा पार जावी. बाहेरच्या बाजूने फुंकल्यास अडावी.

सफाईनंतरची पाहणी

ऑइलची पातळी मापकाडीच्या दोन खुणांच्या आत असावी. ती अधिक असल्यास चांगला ब्रीदरही ऑइल फेकतो. सफाईनंतरही ब्रीदरमधून सतत दाट धूर येत असेल तर रिंगा वा सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. ब्रीदरमध्ये पांढरट चिकटा आढळल्यास ऑइलमध्ये पाणी गेले आहे. थोडा वेळच चालणाऱ्या इंजिनात तो दमटपणामुळेही होतो. परंतु वारंवार दिसल्यास हेडचे पॅकिंग तपासून घ्यावे.

धुतलेले मळके डिझेल विहिरीजवळ वा पाटात ओतू नये. ते डब्यात साठवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी एखाद्या इंजिनावर हे काम करून दाखवावे. गहू ओंबीवर असता इंजिन बंद पडले तर चुकलेली पाळी परत मिळत नाही. तासाभराच्या या कामाने तो धोका बराच कमी होतो.