पिट्सबर्ग : काळ्या-सोनेरी रंगाचं गाव

विमानतळाहून येताना फोर्ट पिट बोगदा संपला की पिट्सबर्ग एकदम समोर येतं. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला यांचा संगम, तिथून निघणारी ओहायो आणि पिवळे पूल. पोलादाचे कारखाने, कार्नेगी संग्रहालयं, पेन हिल्सचं श्रीव्यंकटेश्वर मंदिर यांबद्दल आपण ऐकलं असेलच. पण इथली माणसं ओळखायची, तर बेसबॉलच्या पायरेट्सपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

शहराच्या तिन्ही मोठ्या संघांचे रंग काळा आणि सोनेरी. फुटबॉलच्या स्टीलर्सनी ६ सुपर बोल जिंकले, आइस हॉकीच्या पेंग्विन्सनी ५ स्टॅनले चषक. पायरेट्सना मात्र १९७९ नंतर विजेतेपद नाही. १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम त्यांचे पराजय विजयांपेक्षा जास्त होते. गाव तेच, प्रेक्षकही तेच. पण फुटबॉल आणि हॉकीत संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे, बेसबॉलमध्ये नाही. शिवाय स्थानिक टीव्ही प्रक्षेपणाचा पैसा न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या संघांकडे कितीतरी जास्त येतो. खेळाडू घडतो इथे आणि ६ वर्षांची सेवा भरून मोकळा झाला की, किंवा त्याआधीच, जातो दुसरीकडे. १९९२च्या हंगामानंतर बॅरी बॉन्ड्स गेला. जानेवारी २०१८मध्ये गेरिट कोल आणि गावाचा लाडका अँड्र्यू मॅककचन काही दिवसांच्या अंतराने गेले. पॉल स्कीन्सला २०२५चा साय यंग पुरस्कार मिळाला, तेव्हाही आनंदाच्या पाठोपाठ प्रश्न आलाच : हा किती वर्षं आपला? नियम अन्यायाचे आहेत, पण त्यांच्या आडून मालकही हात आखडता घेतात, हा इथला राग मला रास्त वाटतो.

आणि तरीही १ ऑक्टोबर २०१३ची रात्र आठवा म्हटलं की कुणाचाही चेहरा फुलतो. २१ वर्षांनी गावात बाद फेरीचा सामना होता. काळे कपडे घातलेलं सगळं मैदान सिनसिनाटीचा गोलंदाज क्वेटो याच्या नावाचा सुरात गजर करत होतं. त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारली!

आपल्यासाठी आणखी एक धागा : २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय तरुणांना करारबद्ध केलं ते याच संघाने.

तुम्ही पिट्सबर्गला असाल तेव्हा घरचा सामना असेल, तर पीएनसी पार्कला जरूर जा. सामन्याच्या वेळी रॉबर्टो क्लेमेंटे पूल वाहनांना बंद असतो, चालतच ओलांडा. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेलेला हा महान खेळाडू. त्याच्या २१ क्रमांकाच्या मानार्थ उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधली आहे. तिसऱ्या बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावरचं तिकीट काढा. तिथून नदीपलीकडचं शहर छान दिसतं. शेजारी बसलेल्याला क्लेमेंटेबद्दल विचारा, तो सगळं सांगेल.