शेलापागोटे

(शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निरोपसमारंभात सहाध्यायांना आणि शिक्षकांना विनोदी चिठ्ठ्या अर्पण करण्याची प्रथा महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. ह्या प्रथेतील गोडवा कोणता आणि तिच्यातील धोका कोणता, हे एका निवृत्त मुख्याध्यापकाने प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

‘निरोप’ ह्या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एकाने दुसऱ्याकडे पाठविलेला संदेश, हा एक. आणि जाणाऱ्याला द्यावयाची रजा, हा दुसरा. वरवर पाहता ह्या दोन अर्थांचा परस्परांशी फारसा संबंध दिसत नाही. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, जाणाऱ्याच्या पदरात आपण अखेरीस जो शब्द घालतो, तोच तो बरोबर घेऊन जातो. म्हणून तर आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ असे म्हणत नाही; ‘येतो’ असे म्हणतो. उंबरठ्यावर उच्चारलेला शब्द जपून उच्चारावा, ही शिकवण आपल्या भाषेनेच आपल्याला दिली आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या आयुष्यात असा एक उंबरठा दहावीच्या वर्षी येणार आहे. पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीच्या अखेरीस होत असे. महाराष्ट्रात १९७५ सालापासून ती दहावीच्या अखेरीस होऊ लागली. वर्ग बदलला, पण त्या उंबरठ्यावरची हुरहूर बदलली नाही. नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारखे एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. थंडी ओसरू लागली आहे. रानातील पळस फुलू लागला आहे. आणि शाळेच्या पटांगणात नववीची मुले दहावीच्या मुलांसाठी पताका लावीत आहेत. हा निरोपसमारंभ शहरातील समारंभाहून एका बाबतीत निराळा असतो. येथून कोणी नंदुरबारला पुढील शिक्षणास जाईल, कोणी शेतात राबेल, तर कोणी आईबापांच्या मागोमाग ऊसतोडीसाठी गुजरातेत जाईल. आज एका बाकावर बसलेली चार मुले पुन्हा एकत्र भेटतीलच, अशी खात्री कोणालाच देता येत नाही.

समारंभ सुरू होतो. स्वागत होते, भाषणे होतात. ‘आम्ही आपले ऋणी आहोत’ हे वाक्य निरनिराळ्या आवाजांत पाचसहा वेळा ऐकू येते. एखादी मुलगी बोलता बोलता थांबते आणि तिच्याबरोबर सारी सभा गंभीर होते. अशा वेळी कोणीतरी पुठ्ठ्याची एक पेटी व्यासपीठावर आणून ठेवतो आणि रडवेल्या चेहऱ्यांवर हसू उमटते. ती पेटी असते शेलापागोट्यांची.

हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. शेला म्हणजे खांद्यावर घ्यावयाचे उंची वस्त्र आणि पागोटे म्हणजे डोक्याला बांधावयाचे वस्त्र. पाहुण्याचा अथवा गुणवंताचा सत्कार करावयाचा तर त्याला शेलापागोटे अर्पण करण्याची आपली जुनी रीत होती. पुढे शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत ‘फिशपाँड’ नावाचा प्रकार रूढ झाला. विद्यार्थी एकमेकांविषयी गमतीदार ओळी लिहून पेटीत टाकीत आणि त्या सर्वांसमक्ष वाचून दाखविल्या जात. कोणा रसिकाने ह्या चिठ्ठ्यांना ‘शेलापागोटे’ हे नाव दिले, त्याच्या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडीच! चिठ्ठीत असते थट्टा; पण ती अर्पण करावयाची सत्काराच्या थाटात.

ह्या चिठ्ठ्यांचे काही मासले पाहा. वर्गप्रमुखासाठी मुले लिहितात: ‘वर्गातील सर्वांत मोठा आवाज ज्याच्या “शांत बसा” ह्या आज्ञेचा होता, त्यास आमचे शेलापागोटे.’ रोज उशिरा येणाऱ्या मित्रासाठी लिहिलेले असते: ‘शाळा आपल्या वेळेआधी भरते, अशी ज्याची दहा वर्षे तक्रार होती, त्यास एक घड्याळ, तेही मागे पडणारे.’ डब्यातील भाकरी दुसऱ्या तासालाच संपविणाऱ्या मुलीसाठी एखादी मैत्रीण लिहिते: ‘मधली सुट्टी हिला भेटावयास यायची, तेव्हा ही हात धुऊन बसलेली असायची.’

गुरुजनही ह्यातून सुटत नाहीत, आणि त्यांनी सुटू नयेच. गणिताच्या गुरुजींना एक उदाहरण घातले जाते: ‘आपण आमच्यासाठी झिजविलेले खडू एकापुढे एक मांडले, तर ते धानोऱ्यापासून नंदुरबारपर्यंत पोहोचतील, तरीही आमचे चार गुण वाटेत कोठे सांडले, ते काढा.’ घंटा वाजविणाऱ्या शिपाईकाकांना अर्पण असते: ‘ज्यांच्या एकाच हातात आमचे दुःख आणि सुख होते, दुःख सकाळच्या घंटेत, सुख संध्याकाळच्या.’ मला स्वतःला मिळालेली एक चिठ्ठी मी अद्याप जपून ठेवली आहे. तिच्यात लिहिले होते: ‘ज्यांची “दोनच मिनिटे” कोणत्याही घड्याळात मावली नाहीत, त्या मुख्याध्यापकांस एक दिनदर्शिका.’

वियोगाच्या प्रसंगी हा विनोद कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या लोकरीतीत आहे. लग्न हा केवढा गंभीर संस्कार! लेक सासरी निघाली की मांडवातील सर्वांचे डोळे पाणावतात. पण त्याच मांडवात काही वेळापूर्वी विहिणी एकमेकींना गाण्यांतून चिमटे काढीत असतात आणि नववधू उखाणा घेताना सारे वऱ्हाड हसत असते. सातपुड्याच्या कुशीतील वाड्यापाड्यांवर होळी आली की माणसे सोंगे घेऊन नाचतात. थट्टामस्करीला त्या दिवसांत मोकळीक असते. हसू आणि आसू ही एकाच घरची भावंडे आहेत, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते. मन जड झाले असता त्याला आधार देण्याचे काम विनोद करतो.

विनोदाचे आणखी एक कार्य आहे. ‘तुझ्यावर माझे प्रेम आहे’ हे मित्राला उघडपणे सांगावयास पंधरा वर्षांचा मुलगा लाजतो. गुरुजींना तर तो तसे कधीच सांगणार नाही. परंतु गुरुजी फळा पुसताना कोणते वाक्य म्हणतात, रागावले म्हणजे चष्मा कसा काढतात, हे सारे त्याने वर्षानुवर्षे न्याहाळलेले असते; आणि जेथे माया असते तेथेच एवढे बारीक लक्ष असते. चिठ्ठीतील विनोद हा त्या निरीक्षणाचा पुरावा होय. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ ह्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील चितळे मास्तर मराठी वाचकांना प्रिय झाले, ते ह्याच कारणाने. मास्तरांच्या लकबींवर वाचक पोट धरून हसतो. पण त्यांच्या झिजलेल्या वहाणा ध्यानात आल्या की तोच वाचक हळवा होतो. विद्यार्थ्याने शिक्षकाला द्यावयाचे शेलापागोटे कसे असावे, ह्याचा तो आदर्शच म्हणावा लागेल.

परंतु धारदार वस्तू जपून हाताळावी लागते. आमच्या भागातील एका शाळेत घडलेला प्रसंग सांगतो. त्या वर्गात डोंगरातील पाड्यावरून आलेली एक हुशार मुलगी होती. घरी तिची बोली भिली. मराठी ती शाळेत शिकली होती. साहजिकच काही शब्द तिच्या तोंडून निराळ्या वळणाने येत. निरोपसमारंभात कोणीतरी तिच्या त्या उच्चारांची नक्कल लिहून पेटीत टाकली. चिठ्ठीखाली नाव नव्हते. वाचणाऱ्याने ती साभिनय वाचली. सभागृह हसले, तीही हसली. सर्वांना वाटले, गंमत झाली. मात्र परीक्षेचे प्रवेशपत्र घेण्याच्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिचे वडील आले, त्यांनी मुकाट्याने प्रवेशपत्र घेतले, आणि जाताना एवढेच म्हणाले, “पोर आता घरी बोलते, बाहेर बोलत नाही.”

दहा वर्षे खपून शाळेने जिला बोलावयास शिकविले, तिला एका चिठ्ठीने मुके केले! नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा किती तरी बोली नांदतात. आईच्या तोंडून मिळालेली बोली हा कोणाचा दोष होऊ शकत नाही. शिवाय समारंभ संपला होता. वर्ग पांगला होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याला पश्चात्ताप झाला असला, तरी क्षमा मागावयास दुसरा दिवस उरला नव्हता. निरोपाच्या शब्दाचे हेच तर वैशिष्ट्य आहे: तो मागाहून दुरुस्त करता येत नाही.

पुढील वर्षी त्या शाळेतील मुलांनीच तीन नियम ठरविले. पहिला नियम असा की, थट्टा माणसाच्या सवयीची करावी. त्याची जात, रंग, बोली, गरिबी अथवा शरीरातील उणीव ह्यांची करू नये. उशिरा येणे हे आपल्या हातचे असते. काळे वा गोरे जन्मणे आपल्या हातचे नसते. दुसरा नियम असा की, चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याने आपले नाव घालावे. जे नाव घालून म्हणता येत नाही, ते म्हणूच नये. आणि तिसरा नियम असा की, चिठ्ठी कोणत्याही बोलीत लिहिण्यास मुभा असावी. ह्या तिसऱ्या नियमाने मोठी बहार उडविली. भिली आणि अहिराणी चिठ्ठ्या वाचताना आम्हां शिक्षकांची अशी काही तारांबळ उडाली की, मुलांना पेटीतील विनोदापेक्षा व्यासपीठावरील विनोदच अधिक आवडला. अडखळण्याची पाळी त्या दिवशी आमच्यावर होती. आणि पाड्यावरची मुले आम्हांला मोठ्या कौतुकाने उच्चार सांगत होती.

आज हे नियम पूर्वीपेक्षाही अधिक अगत्याचे झाले आहेत. पूर्वी सभागृहातील हसू सभागृहातच विरत असे. आता भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण होते आणि घटकाभरात ते गावोगाव पोहोचते. ज्याची थट्टा झाली, त्याला ती पुन्हापुन्हा पाहावी लागते.

म्हणून, विद्यार्थ्यांनो, तुमच्या निरोपसमारंभात शेलापागोटी अवश्य अर्पण करा. मित्रांना हसवा, गुरुजनांना हसवा, आणि स्वतःवर आलेली चिठ्ठी ऐकून सर्वांत आधी तुम्ही हसा. मात्र लिहिण्यापूर्वी त्या जुन्या शब्दाचा अर्थ क्षणभर आठवा. शेला खांद्यावर मिरवावयाचा असतो आणि पागोटे डोक्यावर धरावयाचे असते. ज्याला तुम्ही ते द्याल, त्याला ते मानाने बांधून शाळेच्या फाटकाबाहेर पडता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. ‘निरोप’ ह्या शब्दाचे दोन अर्थ कोणते? लेखकाने त्यांचा संबंध कसा जोडला आहे?
२. विनोदी चिठ्ठ्यांना ‘शेलापागोटे’ हे नाव का शोभते, ते सांगा.
३. ‘पोर आता घरी बोलते, बाहेर बोलत नाही,’ ह्या उद्गारातून वडिलांच्या मनातील कोणती भावना व्यक्त होते?
४. मुलांनी ठरविलेल्या तीन नियमांपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाचा कोणता वाटतो? का?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: तारांबळ उडणे, चिमटे काढणे, पदरात घालणे, बहार उडविणे.
६. तुमच्या वर्गातील एका मित्रासाठी किंवा मैत्रिणीसाठी आणि एका शिक्षकांसाठी प्रत्येकी एक शेलापागोटे लिहा. खाली स्वतःचे नाव घालण्यास विसरू नका.