आधी वस्तूलाच विचारा

नवीन यंत्र किंवा अवजार पहिल्यांदा धड चाललं, की ते करणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. हे कुणी चोरणार तर नाही ना, आणि यातून किती मिळतील? या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो, तो बहुधा राहूनच जातो. ही वस्तू लोकांपर्यंत न्यायची कुठल्या वाटेनं? स्वतःचा कारखाना काढून, एखाद्या चालत्या कंपनीला परवाना देऊन रॉयल्टी घेत, हक्क एकरकमी विकून, की यंत्र आपल्याच मालकीचं ठेवून त्याचं भाडं घेत? याचं उत्तर माणसं आपल्या स्वभावातून देतात. मालक व्हायची हौस असलेला शेड भाड्यानं घेतो, भित्रा कागद कपाटात कुलूप लावून ठेवतो, थकलेला येईल त्या भावाला विकून मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच, की हा निर्णय वस्तूच्या स्वभावावर सोडावा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो खरं. पण पुढच्याला ठेच कुठल्या दगडाची लागली ते वाकून बघत नाही.

खानदेश-वऱ्हाडात ‘जिनिंग’ म्हटलं की कापसाच्या गाड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. त्या शब्दातलं ‘जिन’ घडवणाऱ्या एली व्हिटनीची गोष्ट मला या बाबतीत सगळ्यांत बोलकी वाटते. अमेरिकेच्या दक्षिणेत सरकीला घट्ट चिकटलेला आखूड धाग्याचा कापूस हातानं सोलायचा म्हणजे दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई निघे. व्हिटनीच्या यंत्रात काय होतं? तारेचे आकडे बसवलेला एक लाकडी रूळ, त्यापुढे सरकी अडेल इतक्या अरुंद फटींची पट्टी, आणि आकड्यांवरची रुई झाडणारा मागचा ब्रश. हातानं फिरवायच्या या यंत्रातून दिवसाला पन्नास पौंडांपर्यंत रुई निघू लागली. १४ मार्च १७९४ रोजी पेटंट मिळालं. व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनिअस मिलर यांनी ठरवलं की यंत्र कुणाला विकायचंच नाही. आपणच ठिकठिकाणी जिन बसवायचे, मळेवाल्यांनी कापूस घेऊन यायचं आणि सरकी काढण्याची मजुरी म्हणून पाचातले दोन हिस्से कापूस ठेवून जायचं.

कागदावर हा हिशोब झकास होता. पण यंत्राच्या वर्णनाकडे पुन्हा एकदा पाहा. गावातला सुतार आणि लोहार मिळून ते दोन-चार दिवसांत उभं करू शकत होते, आणि त्यांनी केलंही. पाचातले दोन हिस्से हा दर इतका बोचरा होता की नक्कल करणं हाच मळेवाल्याचा सर्वांत किफायतशीर धंदा झाला. १७९७ पर्यंत व्हिटनीची कंपनी बसली. तेव्हाच्या पेटंट कायद्यात पळवाट होती. कोर्टात ठाम निकाल त्याच्या बाजूनं लागला तो १८०७ मध्ये, म्हणजे पेटंटची १४ वर्षांची मुदत संपत आल्यावर. मधल्या काळात साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळानं अख्ख्या राज्याच्या वापरासाठी ५०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं. माझ्या मते सुरुवातीपासून हीच वाट धरायला हवी होती. सहज नक्कल होणाऱ्या वस्तूचा परवाना स्वस्त हवा आणि तो पुष्कळांना द्यायला हवा, इतका स्वस्त की चोरी करण्याची तसदी कुणी घेऊ नये.

आता यावर कुणी म्हणेल, की हिस्सा मागणं हीच चूक होती. तसं नाही. जेम्स वॉटनं नेमकं तेच केलं आणि तो श्रीमंत झाला. त्याचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं. पहिला भागीदार जॉन रोबक दिवाळखोर झाला, मग मॅथ्यू बोल्टन आला, आणि १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेनं पेटंटची मुदत थेट १८०० पर्यंत वाढवून दिली. जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश खाणमालकानं द्यायचा, अशी बोल्टन-वॉटची अट होती. इंजिनाच्या तुळईचे हेलकावे मोजणारं चक्र कुलूपबंद पेटीत बसवलेलं असे. त्या आकड्यावरून बिल निघे. ही अट टिकली याचं कारण इंजिनाच्या अंगातच होतं. त्याचा सिलिंडर अचूक गोल कातून देणारं यंत्र जॉन विल्किन्सनकडे होतं, गावच्या लोहाराकडे नव्हतं. शिवाय घराएवढं इंजिन खाणीच्या तोंडाशी उभं; ते झाकून ठेवणार कुठं? तरीसुद्धा कॉर्नवॉलच्या खाणमालकांनी पैसे अडवले आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १७९९ उजाडलं. अवघड वस्तूच्या बाबतीतही एवढी दगदग, मग सोप्या वस्तूचं काय!

झेरॉक्सनं पुढे हीच कुलूपबंद पेटी नव्या रूपात आणली. चेस्टर कार्लसनची कोरडी प्रत काढायची कल्पना वीसहून अधिक कंपन्यांनी नाकारली होती. १९५९ मध्ये ९१४ हे यंत्र तयार झालं तेव्हा ते जवळपास तीनशे किलो वजनाचं आणि किमतीला भारी होतं. कंपनीनं ते महिना ९५ डॉलर भाड्यानं दिलं, दोन हजार प्रती त्यातच. पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट, मीटरवर मोजून. गिऱ्हाइकाला यंत्र नकोच होतं, त्याला प्रती हव्या होत्या. यंत्राला वारंवार देखभाल लागते आणि त्याचा वापर मोजता येतो, अशा ठिकाणी भाड्याची वाट शोभते. हातातल्या कोयत्याला ती शोभणार नाही.

नकलेचा प्रश्न सर्वांत टोकाला जातो तो बियाण्यात, कारण तिथं वस्तू स्वतःच स्वतःची नक्कल करते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून भाताचं एक वाण तयार केलं. त्याला एचएमटी हे नाव पडलं ते व्यापाऱ्याकडून, घड्याळावरून. मूठभर बियाणं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की हक्क सांगायला उरतं काय? त्या काळी आपल्याकडे वाणावर हक्क देणारा कायदाच नव्हता. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा आला २००१ मध्ये. दादाजी २०१८ साली गेले, हलाखीतच. आज कुणा शेतकऱ्याच्या हाती नवं वाण असेल, तर पायली-दोन पायली शेजाऱ्याला देण्याआधी त्याची नोंदणी हीच पहिली पायरी. नाव तरी आपलं राहतं.

वस्तू अवघड आहे, नक्कल सोपी नाही, म्हणजे स्वतःच कारखाना काढावा, असंही लगेच ठरत नाही. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांचं ‘भिसोटाइप’ हे छपाईचे खिळे ओतणारं यंत्र घ्या. दादाभाई नौरोजींसारख्यांचा पाठिंबा, पुढे सर रतन टाटांचा पैसा, लंडनमधली खटपट, मग अमेरिका. बुद्धीची कमतरता नव्हती आणि चिकाटीचीही नव्हती. पण छापखान्यांच्या बाजारात लायनोटाइप आणि मोनोटाइप पाय रोवून बसले होते. छापखानेवाला एकदा एका पद्धतीवर गेला की त्याचे सुटे भाग, साचे, शिकलेले कामगार सगळं त्याच पद्धतीचं होतं. तिथं चांगलं यंत्र असून भागत नाही, गावोगाव दुरुस्तीला माणूस पाठवता आला पाहिजे. अशा बाजारात एकट्या संशोधकानं कंपनी उभी करण्यापेक्षा, आधीच बसलेल्यांपैकी एकाला परवाना द्यायचा मार्ग अधिक शहाणपणाचा, असं मला वाटतं. अभिमानाला ते रुचत नाही, हे खरं.

उलट, गिऱ्हाइकाची सवय बदलायची असेल आणि समोर दुसरं कुणी नसेल, तर स्वतः उतरण्यावाचून गत्यंतर नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. तो त्यांनी दुसऱ्या कुणाला परवान्यावर दिला असता तर त्या माणसानं सहा महिन्यांत भट्टी बंद केली असती. विश्वास बसेपर्यंत थांबण्याची गरज फक्त मूळ मालकाला असते. परवानाधारकाला दुसरा माल असतो.

‘पण आमच्याकडे पेटंट आहे ना’, हा आक्षेप मला हमखास अपेक्षित आहे. पेटंट हवंच, त्यावाचून परवाना देणार तरी कशाचा? पण पेटंट म्हणजे राखणदार नव्हे. ते तुम्हाला दावा लावण्याचा हक्क देतं. दावा लावायचा तुम्ही, वकिलाची फी भरायची तुम्ही. भारतात मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि हक्क फक्त भारतापुरता. अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असं होत नाही. ते मंजूर झाल्याशिवाय नकलेबद्दल दावा चालवता येत नाही. आणि ज्या चुकीला नंतर औषध नाही ती अशी: अर्जाआधी वस्तू कृषी प्रदर्शनात मांडणं, तिचा व्हिडिओ टाकणं, दहा नग विकून ‘मार्केट बघणं’. एकदा जगासमोर आली की ती कायद्याच्या लेखी नवीन राहत नाही. सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत आहे, पण तालुक्याच्या मेळाव्याचं नाव त्या राजपत्रात असेल या भरवशावर राहू नका.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: कंपनीकडे गेलं की कंपनी गिळते. अमेरिकन संशोधक रॉबर्ट कर्न्स यांनी गाडीच्या थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरची पेटंटं १९६७ पासून मिळवली, फोर्डला यंत्रणा दाखवली, आणि काही काळानं फोर्डच्या गाड्यांवर तसेच वायपर दिसू लागले. १९९० मध्ये फोर्डनं १ कोटी २ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, पुढे क्रायस्लरविरुद्धही ते जिंकले. पैसा मिळाला, पण वायपर स्वतः बनवून गाडी कंपन्यांना पुरवायचा जो बेत होता तो कधीच झाला नाही, आणि आयुष्याची उमेदीची वर्षं कोर्टात गेली. यावरून ‘कंपनीकडे जाऊच नये’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. वायपर गाडीबाहेर विकता येत नाही. गिऱ्हाईक मोजके कारखानदारच. तिथं प्रश्न उरतो तो कराराचा. करार लेखीच हवा आणि पेटंट कार्यालयात नोंदलेला हवा. एकालाच सर्व हक्क द्यायचे तर दरसालची किमान रॉयल्टी ठरवा, माल निघो न निघो. अमुक महिन्यांत उत्पादन सुरू झालं नाही तर हक्क परत, हे कलम घाला; कारण काही जण परवाना घेतात तो आपल्या जुन्या मालाला धोका नको म्हणून, फडताळात टाकून ठेवायला. विक्रीचे हिशोब तपासायचा अधिकार मागा. वॉटच्या कुलूपबंद पेटीचं आजचं रूप हेच.

तेव्हा शेडचं डिपॉझिट भरण्याआधी, डाय करायला टाकण्याआधी, वहीच्या एका पानावर वस्तूबद्दल चार ओळी लिहा: एमआयडीसीतला बरा फिटर ही पाहून किती दिवसांत बनवेल? वापरणाऱ्याला कुठली सवय सोडावी लागेल? बिघडली तर कोण जाणार? आणि हाच माल विकणारं आधीपासून कोण बसलंय? अर्ज करण्याआधी कुणाला डेमो देऊ नका, मग तो सख्खा मेहुणा असला तरी. वस्तू पुरती पक्की झाली नसेल तर तात्पुरता तपशील जोडूनही अर्ज करता येतो. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. एवढ्या वेळात वाट ठरवता येते. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण तिथं जायचीही गरज नाही. एकट्या व्यक्तीनं ऑनलाइन केलेल्या अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे.