टायरवरचा आकडा

अहमदपूरच्या मोंढ्यात आम्ही एक व्हॅन पाहिली. मागचे टायर पुढच्यांहून मोठे. मालक हसून म्हणाला, "गुरुजी, ट्रॅक्टरला नसतात का?" असतात, पण ट्रॅक्टर तसाच घडवलेला असतो. त्याची व्हॅन चारी चाके सारखी धरून बनवलेली.

"चिखल पुसा, आकडा वाचा." त्याने वाचले. पुढे १६५/८०, मागे १८५/८०. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, रुंदीच्या शंभरात ऐंशी. रिम तीच, १४ इंची. तरी मागचे चाक सव्वा इंच मोठे! इंजिनाचा जोर त्याच चाकांवर. काटा ५० दाखवी, तेव्हा गाडी ५२ च्या पुढे पळे. आणि बाजारच्या दिवशी आत बायामुले खच्चून बसत.

"भरल्यावर मागे घासल्याचा आवाज येतो का?"

मालकाने पत्र्याखाली हात घातला. टायरची कड तासली गेली होती.